भेकाच्या पोटातली घागर

खारघरच्या टेकडीखाली आमची सोसायटी आहे. मे महिन्यात रात्री झाडांना पाणी घातलं की तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत एक भेक, म्हणजे बेडकाचा जमिनीवर राहणारा भाऊबंद, येऊन बसतो. मूठभर आकाराचा, खडबडीत पाठीचा. मागचे पाय फाकवतो, पोट पाण्याला चिकटवतो आणि निपचित पडून राहतो. तोंड पाण्याला लावतही नाही. पण तो पाणीच पीत असतो, पोटाच्या कातडीने.

बेडूक आणि भेक यांच्या ओटीपोटाची, मांड्यांच्या आतली कातडी पातळ असते आणि तिच्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. बाहेरच्या गोड्या पाण्यापेक्षा रक्तात क्षार जास्त, त्यामुळे पाणी आत ओढलं जातं. भिजत घातलेल्या मनुका फुगतात त्याच नियमाने. बेडूक कातडीतून पाणी घेतात हे रॉबर्ट टाउनसन यांनी 1790च्या दशकातच दाखवून दिलं होतं. या कातडीतून पाण्याबरोबर फिनेलसारखी रसायनंही आत जातात, म्हणून त्या कोपऱ्यात मी फिनेल टाकू देत नाही.

जुलैत डबक्यात बसलेल्या बेडकाची अडचण उलटी. पाणी आत येतच राहतं. मग मूत्रपिंडं भरपूर, अगदी पातळ लघवी बाहेर टाकतात. तिच्याबरोबर थोडे क्षार जातात, ते कातडी डबक्यातून परत खेचून घेते. डेन्मार्कच्या हान्स उसिंग यांनी बेडकाच्या कातडीचा तुकडा दोन क्षारद्रावणांच्या मध्ये बसवला आणि कातडी स्वतःची ऊर्जा खर्चून सोडियम आत ओढते, हे 1951 मध्ये सिद्ध केलं. आपल्या आतड्यातलं, मूत्रपिंडातलं क्षारांचं शोषण समजायला तोच प्रयोग पुढे कामी आला.

खाडीत मात्र साध्या बेडकाचा निभाव लागत नाही. समुद्राचं पाणी त्याच्या रक्ताच्या तीन-चार पट खारट असतं, तिथे कातडी शरीरातलंच पाणी बाहेर सोडते. आग्नेय आशियातल्या खारफुटीत राहणारा खेकडेखाऊ बेडूक रक्तात युरिया साठवून रक्तच दाट करतो आणि यावर मात करतो.

आमच्या भेकाला मे महिना काढायचा असतो आणि त्याच्या मूत्रपिंडांना रक्तापेक्षा दाट लघवी करता येत नाही. आपल्याला ते जमतं, त्याला नाही. म्हणून तो लघवी टाकून न देता मूत्राशयात साठवतो. अंग सुकू लागलं की व्हॅसोटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं. त्याने मूत्रपिंडांची गाळणी मंदावते, पोटाची कातडी जास्त पाणी शोषते आणि मूत्राशयातलं पाणी पुन्हा रक्तात येतं. कोरड्या प्रदेशातल्या काही जाती वजनाच्या पाव हिश्शाहून जास्त पाणी असं बाळगतात.

परवा शेजारच्या मुलाने त्याला उचललं. भेकाने हातावर पिचकारी सोडली, मुलाने किंचाळून त्याला टाकलं. "विषारी आहे का, काका?" विष नव्हतं रे ते. त्याची घागर होती, भर उन्हाळ्यात आपण रिकामी केली. दोघांनी मिळून त्याला ताटलीत ठेवलं, वर तांब्याभर पाणी ओतलं. थोडा वेळ तो दबून बसला. मग हळूच मागचे पाय फाकवले.