फॉर्मवरचा 'सवयी' हा रकाना कोरा सोडू नका

आमच्या दातांच्या दवाखान्यात पहिल्यांदा आल्यावर भरायच्या फॉर्मवर हा रकाना असतो. दाढ दुखते म्हणून आलो, तर सिगारेट-दारूची चौकशी कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. काही चिडतातही. बहुतेक जण रकान्यात 'नाही' लिहून मोकळे होतात.

मग खुर्चीत तोंड उघडलं की ओठांच्या कोपऱ्याला, आतल्या बाजूने, पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसतो. बिडी ओढणाऱ्यांमध्ये ही नेहमीची जागा. पुन्हा विचारपूस, बायकोकडे चोरटी नजर, आणि शेवटी "तशा होतात चार-पाच". तोवर बाहेरचे पेशंट खोळंबतात.

"फक्त शनिवारी", "बिअरच घेतो", "फिल्टरवालीच ओढतो" हेही लिहा. दारूमुळे तोंडाच्या आतल्या अस्तरातून धुरातली घातक द्रव्यं सहज आत शिरतात. त्यामुळे दोन्ही सवयी असणाऱ्याचा धोका नुसत्या बेरजेहून मोठा असतो. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, तीही लिहा. बिनतंबाखूची सुपारीसुद्धा, तोंड हळूहळू कमी उघडू लागतं ते तिच्यामुळे.

चट्टा दिसला म्हणजे कॅन्सर झाला, असं नाही. बरेच पांढरे चट्टे सवय सुटल्यावर काही महिन्यांत फिके पडतात. म्हणून आम्ही फोटो काढून ठेवतो, टोचणारा दात गुळगुळीत करतो आणि दोन आठवड्यांनी परत बोलावतो. त्या फेरीचे पैसे घेत नाही. चट्टा तसाच राहिला तर बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी त्याचा छोटा तुकडा काढणं. लाल किंवा लाल-पांढरा असेल, हाताला कडक लागत असेल, तर वाट न पाहता लगेच. तुकडा काढल्याने आजार पसरतो ही भीती मनातून काढून टाका.

"उष्णता आहे, ट्यूब लिहून द्या" म्हणणाऱ्यांना आम्ही नुसती ट्यूब देत नाही. मेडिकलवाला देतो, खरं आहे. ट्यूबने आग शमते, चट्टा तिथेच राहतो आणि त्यात महिने निघून जातात.

तंबाखू, बिडी-सिगारेट सोडायची असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे. आमच्याकडेही त्यासाठी वेळ घेऊन बसता येतं.

घरच्यांसमोर लिहायचं नसेल तर रकान्यात फक्त 'आत सांगतो' लिहा. सोबतच्यांना आम्ही बाहेर बसवू.