टांकसाळ-दोष आणि ठशाची झीज

टांकसाळ-दोष : नाणे पाडताना कोरे चकते (छाप उमटण्यापूर्वीचा धातूचा तुकडा), ठसा (छाप उमटवणारा पोलादी साचा) किंवा प्रहार यांपैकी एखाद्या टप्प्यावर चूक होऊन वेगळे उतरलेले नाणे, संग्राहकांच्या बोलीत ‘एरर कॉइन’. ठसा वापरून झिजल्यामुळे येणारा पुसटपणा, जाडावलेली अक्षरे किंवा दुहेरी भासणारी कड हीसुद्धा टांकसाळीतच उपजते. परंतु ती नेहमीच्या वापराचा परिणाम असल्याने नाणकशास्त्रात सहसा चुकीत धरत नाहीत. सुट्या पैशांत ‘दुर्मिळ’ म्हणून बाजूला काढली जाणारी पुष्कळशी नाणी या दुसऱ्या वर्गातली असतात.

हा भेद यंत्राने पाडलेल्या नाण्यांनाच लागू पडतो. शिवराईचा ठसा पुष्कळदा तांब्याच्या तुकड्याहून मोठा असे आणि प्रहार हातोड्याचा. त्यामुळे ‘श्री राजा शिव’ या लेखातले एखादे अक्षर तुकड्याबाहेर राहणे ही त्या पद्धतीची रीतच होती. अशा शिवराईला ‘ऑफ-सेंटर’ (छाप मध्यापासून सरकलेले) म्हणून दोषांच्या यादीत घालणे योग्य नव्हे. मुंबईची वाफेच्या यंत्रांची टांकसाळ १८३० च्या सुमारास चालू झाली. एक नाणे हुबेहूब दुसऱ्यासारखे हवे, ही अपेक्षा अशा यंत्रांबरोबर आली.

दुहेरी ठसा : सर्वाधिक घोटाळा दुहेरी अक्षरांबाबत होतो. ठसा (डाय) थेट कोरत नाहीत. उठावाचे चित्र असलेला पोलादी ‘हब’ मऊ पोलादावर दाबला, की खोलगट, उलटा ठसा तयार होतो. जुन्या पद्धतीत एका दाबात पुरेशी खोली येत नसे. ठसा तापवून मऊ करून पुन्हा हबखाली धरावा लागे. दुसऱ्या वेळी तो किंचित फिरला, तर ठशातच दोन प्रतिमा बसत आणि त्याने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर त्या तशाच उतरत. याचे प्रमाणभूत उदाहरण अमेरिकेचे १९५५ चे एक सेंटचे नाणे. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पडलेल्या या नाण्यावर सन, ‘लिबर्टी’ हा शब्द आणि वरचे बोधवाक्य नुसत्या डोळ्यांना दुहेरी दिसते. मागील बाजू मात्र स्वच्छ आहे. अशी सुमारे २० ते २४ हजार नाणी चलनात गेली असावीत, असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

त्याच वर्षाच्या दुसऱ्या काही सेंटांवर केवळ शेवटचा ५ दुहेरी भासतो. संग्राहक त्याला ‘गरिबांचा डबल डाय’ म्हणतात. तो दुहेरी ठसा नसून झिजलेल्या ठशाची करामत आहे, याबद्दल आता फारसा मतभेद उरलेला नाही.

झिजेचे कारण : झिजलेल्या ठशामुळे अक्षराला दुसरी कड का फुटते, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिल्या मतानुसार प्रत्येक प्रहाराला चकत्याचा धातू मध्याकडून किनारीकडे सरकतो आणि त्या घर्षणाने ठशातील खोलगट अक्षरांचे काठ गोलाकार खरवडले जातात. दुसऱ्या मतानुसार घर्षणापेक्षा दाब महत्त्वाचा. असंख्य प्रहारांखाली ठशाचे पोलादच खचते आणि अक्षराभोवतीची पातळी बिघडते. बाह्य लेखातील अक्षरे आधी बिघडतात आणि पृष्ठभागावर किनारीकडे धावणाऱ्या बारीक रेषा दिसतात, यावरून पहिले मत अधिक सबळ वाटते. तथापि अक्षरांच्या आतल्या अंगाला येणारा फुगवटा त्याने पुरता उलगडत नाही. दोन्ही क्रिया एकत्र घडत असाव्यात. भारतात १९९२ पासून रुपयासाठी आलेले फेरिटिक स्टेनलेस स्टील कुप्रोनिकेलपेक्षा (तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूपेक्षा) कठीण असल्याने ठशावर त्याचा ताण अधिक पडतो.

ओळख देवनागरीत तुलनेने सोपी जाते. ‘भारत’ची शिरोरेखा भिंगाखाली पाहावी. खऱ्या दुहेरी ठशात रेषेच्या टोकाशी स्पष्ट खाच पडून दोन टोके निघतात आणि दोन्हींचा उठाव गोलसर, भरीव असतो. झिजलेल्या ठशात शिरोरेखा नुसती सुजते. टोक विरघळल्यासारखे दिसते, खाच पडत नाही आणि आजूबाजूची जमीन संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत होते. तिसरा प्रकार प्रहाराच्या क्षणी सैल ठसा हलल्याने होतो. त्यात अक्षराशेजारी सपाट, चकचकीत पायरी उमटते आणि मूळ अक्षर तेवढेच अरुंद होते. यालाही बाजारात ‘डबल डाय’ म्हणून विकले जाते, ते चूक आहे.

एकाच ठशाची अनेक नाणी मिळाल्यास प्रश्न बहुधा सुटतो : झीज नाण्यागणिक वाढत जाते, दुहेरी ठशातील अंतर मात्र तेच राहते.

इतर प्रकार : ठशाला तडा गेल्यास नाण्यावर उंच रेघ येते, खोल रेघ हा बहुतेक वेळा नंतरचा ओरखडा होय. किनारीजवळ ठशाचा तुकडाच निखळला, तर तेथे कोरा फुगवटा राहतो. ठशात वंगण वा कचरा साचून अक्षरे गायब होतात. सनाखालील टांकसाळ-चिन्हांबाबत (मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका; कोलकात्याला चिन्ह नाही) हे विशेष लक्षात ठेवावे, कारण बुजलेला तारा ठिपक्यासारखा दिसू शकतो. कडेला चंद्रकोरीसारखा कापलेला तुकडा खरा असेल, तर त्याच्या बरोबर समोरची किनार बहुधा दबलेली आढळते. कानशीने घासलेल्या नाण्यात ती शाबूत असते.

धातूची चूक, म्हणजे भलत्याच धातूच्या चकत्यावर पडलेले नाणे, वजनाने व चुंबकाने तपासतात. १९९२ पासून २०११ च्या मालिकेआधीपर्यंतचा स्टीलचा रुपया २५ मिमी. व्यासाचा, ४.८५ ग्रॅमचा असून चुंबकाला चिकटतो. कुप्रोनिकेल चिकटत नाही. १९५० पासून १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंतचे शुद्ध निकेलचे रुपयेही चिकटतात, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. २०११ च्या मालिकेत दोन रुपयांचे नाणेही २५ मिमी. आणि ४.८५ ग्रॅमचे असल्यामुळे जुन्या रुपयाशी तुलना करताना नुसत्या वजनाने काही ठरत नाही.

दहा रुपयांच्या द्विधातू नाण्यात (२७ मिमी., ७.७१ ग्रॅम) बाहेरचे कडे आणि मधली चकती जोडताना सरकू शकतात. चित्र दोन्हींवर एकाच प्रहारात उमटत असल्यामुळे चकती खरोखर टांकसाळीत सरकलेली असेल, तर सिंहशीर्ष नाण्याच्या मध्यावरच राहते आणि त्याचा काही भाग कड्यावर चढतो. चकतीबरोबर सिंहशीर्षही सरकले किंवा फिरले असेल, तर चकती नंतर ठोकून बाहेर काढून पुन्हा बसवलेली असते.