स्मृतिगोधडी

राष्ट्रीय आपत्तीत मरण पावलेल्या माणसांची नावे आणि खुणा कापडाच्या तुकड्यांवर उतरवून, ते तुकडे अनेकांनी मिळून जोडलेले सामूहिक स्मारक. महासाथ, दहशतवादी हल्ला, वंशसंहार अशा प्रसंगांनंतर निरनिराळ्या देशांत अशा गोधड्या तयार झाल्या आहेत. त्यांतील सर्वांत मोठी आणि सर्वांत प्रभावी म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एड्स स्मृतिगोधडी. नंतरच्या बहुतेक उपक्रमांनी तिचाच नमुना पुढे ठेवला, म्हणून येथील विवेचन मुख्यतः तिच्या आधारे केले आहे.

उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिले मत स्मृतिगोधडीला एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी शोकगोधडीची थेट वारस मानते. मृताच्या वापरातील कपड्यांचे तुकडे घेऊन घरातील स्त्रिया त्या काळी गोधडी शिवत. १८४० च्या दशकात सह्यांच्या गोधडीचीही चाल पडली. दूर स्थलांतर करणाऱ्या आप्ताला किंवा निरोप घेणाऱ्या धर्मोपदेशकाला द्यायच्या गोधडीत प्रत्येक जण आपले नाव घातलेला एकेक चौकोन देई. या मताचे अभ्यासक विशेष भर देतात तो केंटकीतील एलिझाबेथ रोझबेरी मिचेल यांच्या गोधडीवर. ती साधारण १८४३ मधील मानली जाते आणि आज केंटकी हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात आहे. तिच्या मध्यभागी कुंपण घातलेली दफनभूमी असून कडेने नावांच्या चिठ्ठ्या लावलेल्या कापडी शवपेट्या टाचलेल्या आहेत. कुटुंबातील व्यक्ती वारली की तिची पेटी कडेवरून उसवून मधल्या दफनभूमीत शिवायची, अशी ती योजना होती. मृत्यूची नोंद सुईदोऱ्याने ठेवण्याचे इतके उघड उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

दुसरे मत उगम रस्त्यावर शोधते. सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क यांची २७ नोव्हेंबर १९७८ रोजी हत्या झाली. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी मेणबत्ती मोर्चा निघत असे. १९८५ च्या मोर्चाची तयारी करताना समलिंगी हक्कांचे कार्यकर्ते क्लीव्ह जोन्स यांच्या लक्षात आले, की एकट्या त्या शहरात एड्सच्या बळींची संख्या हजारावर गेली आहे. त्यांनी मोर्चेकऱ्यांना आपापल्या गेलेल्या माणसाचे नाव पुठ्ठ्यावर लिहून आणायला सांगितले. मोर्चा संपल्यावर लोकांनी शिड्या लावून ते पुठ्ठे केंद्र सरकारच्या कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवले. ती भिंत जोन्स यांना तुकड्यातुकड्यांच्या गोधडीसारखी दिसली आणि लहानपणी घरी पाहिलेली आजीची गोधडी आठवली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. हा वृत्तांत बराचसा त्यांच्याच नंतरच्या आठवणींवर उभा आहे. त्यामुळे कल्पना १९८५ ची आणि प्रत्यक्ष काम १९८७ चे, एवढेच काळजीपूर्वक म्हणता येते.

पुराव्याचा कल दुसऱ्या मताकडे अधिक दिसतो. शोकगोधडी एका घराची असे आणि घरातच राही. एड्स गोधडी पहिल्यापासून सरकारच्या दारात नेऊन अंथरण्यासाठी केली गेली. पूर्वीच्या परंपरेने कारागिरीचा वारसा दिला नाही, ओळख दिली. गोधडी म्हणजे आजारी माणसावर मायेने घातलेले पांघरूण, हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. ज्या रुग्णांना स्पर्श करायलाही लोक धजत नव्हते, ज्यांच्या अंत्यविधीला काही घरांनी दार लावून घेतले, त्यांच्यासाठी हे रूप निवडले गेले, यातच त्या निवडीचे सामर्थ्य आहे.

तंत्राच्या दृष्टीने पाहता एड्स गोधडीतील बहुसंख्य पॅनेले (जोडलेले एकेक कापडी तुकडे) रूढ अर्थाने गोधडी नाहीत. वरचे कापड, मधला भराव आणि अस्तर हे तीन थर टाक्यांनी एकत्र धरलेले असावेत, ही कसोटी त्यांना लागू पडत नाही. अनेक पॅनेले एकाच कापडावर रंगवलेली, फवारलेली किंवा गोंदाने चिकटवलेली आहेत. ज्यांनी आयुष्यात सुई धरली नव्हती अशा मित्रांनी आणि आईवडिलांनी ती केली. नियम मुख्यतः मापाचा आहे. प्रत्येक पॅनेल ३ फूट रुंद आणि ६ फूट लांब, म्हणजे साधारण एका कबरीएवढे असते. अशी आठ पॅनेले जोडून १२ फुटांचा चौरस होतो. त्याच्या कडेला जाड कॅनव्हास शिवून धातूच्या कड्या ठोकतात, म्हणजे चौरस एकमेकांना बांधता येतात आणि टांगताही येतात. पॅनेलांवर जीनचे कापड, चामडे, खेळण्यातील अस्वले, पदके, छायाचित्रे, क्वचित अस्थिरक्षाही आढळते. ही विविधता जतनाच्या कामात अडचणीची ठरते, कारण चामडे, धातू आणि गोंद वेगवेगळ्या गतीने झिजतात व शेजारच्या कापडालाही बाधा करतात. काही पॅनेलांवर फक्त पहिले नाव किंवा आद्याक्षरे आहेत. लोकलाजेमुळे पूर्ण नाव लिहायला घरचे धजत नव्हते.

पहिले प्रदर्शन ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोकळ्या मैदानावर समलिंगी हक्कांच्या राष्ट्रीय मोर्चाच्या वेळी झाले. तेव्हा १,९२० पॅनेले होती. वर्षभरात ती ८,२८८ झाली. पांढऱ्या कपड्यांतील स्वयंसेवकांनी घडी केलेला चौरस गोलाकार उभे राहून उलगडायचा आणि त्या वेळी मृतांची नावे मोठ्याने वाचायची, हा प्रघात पडला. संपूर्ण गोधडी एकत्र अंथरली गेली ती १९९६ मध्ये शेवटची. आज सुमारे ५०,००० पॅनेले, १,१०,००० हून अधिक नावे आणि सुमारे ५४ टन वजन अशी तिची व्याप्ती सांगतात. एका पॅनेलवर अनेक नावे असू शकतात, त्यामुळे हे दोन आकडे जुळत नाहीत. २०१९ मध्ये तिची जबाबदारी सॅन फ्रान्सिस्कोतील नॅशनल एड्स मेमोरियल या संस्थेकडे आली आणि कागदपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेली.

टीकाही झाली. ॲक्ट अप या एड्सविषयी सरकारी कृतीसाठी लढणाऱ्या संघटनेतील काहींना वाटे, की गोधडी शोक सुखावह करते आणि सरकारच्या निष्क्रियतेवरचा राग बोथट करते. ११ ऑक्टोबर १९९२ रोजी, गोधडी वॉशिंग्टनमध्ये अंथरलेली असतानाच, त्यांनी आपल्या माणसांच्या अस्थी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर फेकल्या. हा आक्षेप गंभीर असला तरी सार्वजनिक शोक आणि निषेध एकमेकांना मारक ठरले असे दिसत नाही. कृष्णवर्णीय मृतांची नावे प्रमाणाने फार कमी आहेत हा आक्षेप मात्र पूर्णपणे खरा होता. ‘कॉल माय नेम’ या पॅनेल-निर्मितीच्या कार्यशाळा त्यातूनच सुरू झाल्या.

चिलीतील आर्पियेरा मात्र या प्रभावाबाहेरच्या. १९७३ च्या लष्करी उठावानंतर बेपत्ता झालेल्यांच्या आया-पत्नींनी कापडाच्या चिंध्यांतून शिवलेली ही चित्रे एड्स गोधडीच्या दशकभर आधीची असून त्यांना कॅथलिक चर्चच्या ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ या मानवी हक्क संस्थेचा आधार होता. बॉस्नियात स्रेब्रेनित्सा येथे जुलै १९९५ मध्ये ८,००० हून अधिक पुरुष व मुलगे मारले गेले. त्यांच्यासाठी तुझ्ला येथील स्त्रियांनी नावांसह गालिच्याचे तुकडे विणले आणि ते एकत्र जोडले. हे काम मागावरचे, म्हणजे त्यातही काटेकोर अर्थाने गोधडी नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत अनेक गटांनी स्वतंत्रपणे गोधड्या केल्या. चित्रकार फेथ रिंगगोल्ड यांनी न्यूयॉर्कमधील विद्यार्थ्यांसह २००६ मध्ये केलेली गोधडी त्यांत विशेष परिचित आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या स्वतंत्र एड्स गोधड्या आहेत. न्यूझीलंडची गोधडी २०१२ पासून ‘ते पापा’ या राष्ट्रीय संग्रहालयात असून ब्रिटनची जून २०२५ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात अंथरली गेली. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील एका शाळकरी मुलीने कोविडच्या बळींसाठी गोधडी सुरू केली. तिच्या आईने १९८० च्या दशकात एड्स गोधडीसाठी काम केले होते.