२०३ वजा ६७ आणि हरवलेले नव्वद

२०३ मधून ६७ वजा करायला सांगितलं, की वर्गात हमखास तीन उत्तरं येतात: १३६, २६४ आणि ४६. पहिलं बरोबर. बाकीच्यांना ‘लक्ष कुठंय?’ म्हणून लाल फुली मिळते. पण अशा चुकांमागे बहुधा ठरावीक नियम असतो, हे ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्येच दाखवलं.

२६४ लिहिणारं मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढतं. वजा करून संख्या वाढली, याचं त्याला काहीच वाटत नाही, कारण त्याला २०३ दिसतच नाहीत. शेजारी मांडलेले तीन अंक दिसतात.

४६ ची गंमत जास्त खोल आहे. तीनातून सात जात नाहीत आणि दशकाच्या घरात शून्य. मग मूल शतकाकडून एक उसना घेऊन थेट एककाला देतं. १३ वजा ७, सहा. दशकासाठी पुन्हा शतकाकडे. १० वजा ६, चार. शतकं संपली. पहिल्या खेपेला शंभर मोडले, एककाला मिळाले दहाच. नव्वद वाटेत हरवले. १३६ मधून ९० गेले, की राहतात ४६.

‘मूर्ताकडून अमूर्ताकडे’ हे सूत्र डी.एड. झालेल्या प्रत्येकाला पाठ असतं. पण सोमवारी काड्या, मंगळवारपासून नुसता फळा असं झालं, की काड्यांची आणि वहीची गाठच पडत नाही.

खराट्याच्या हिराचे बोटभर २०३ तुकडे करा. दहाच्या गठ्ठ्याला रबर, अशा दहा गठ्ठ्यांना सुतळी. जत-आटपाडीकडच्या मुलांना कडब्याची पेंढी ठाऊक असते. पण पेंढीतली ताटं कुणी मोजत नाही, इथे दहा म्हणजे दहाच. आता एकाने सोडायचं, दुसऱ्याने त्याच क्षणी लिहायचं. सुतळी सुटली: २ खोडून १, शून्यावर १०. एका गठ्ठ्याचं रबर सुटलं: १० खोडून ९, तीनाचे १३. ‘शून्याचा नऊ होतो’ हा पाठ केलेला नियम समोर नऊ गठ्ठे होऊन पडलेला असतो. हरवलेले नव्वद ते हेच.

गठ्ठे बांधायचा कंटाळा म्हणून खोट्या नोटांपासून सुरुवात करू नका. गठ्ठा सुटतो, नोट बदलून घ्यावी लागते. दहाच्या नोटेत दहा रुपये डोळ्यांना दिसत नाहीत. नोटा नंतर. आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह, ही अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूनर यांनी १९६६ मध्ये मांडलेली चढण इथे नेमकी लागू पडते. आणि ‘उसना’ हा शब्द टाळा. उसनं परत करायचं असतं, इथे परत काहीच जात नाही. ‘सुट्टे करणं’ म्हणा. आठवडी बाजारात जाणाऱ्या पोराला ते लगेच कळतं.

 

काड्या कधी काढून घ्यायच्या? ३००५ वजा ८ करताना मूल प्रत्येक खोडलेल्या अंकाला ‘आता काय सोडलं’ हे न बघता सांगू लागलं, की.