उडी ठरवते लय

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत २९९८७ क्रमांकाचं एक इटालियन हस्तलिखित आहे, साधारण १४०० सालच्या आसपासचं. त्यात चार ‘सॉल्टारेल्लो’ आहेत, म्हणजे उड्या मारत नाचायच्या नाचाच्या धुना. कुठला सूर, कुठला लांब, कुठला आखूड, सगळं लिहिलंय. लय, म्हणजे किती वेगात वाजवायचं, ते मात्र नाही. लय मोजून देणाऱ्या मेट्रोनोम या यंत्राचं पेटंटच मुळी १८१५ चं. त्यामुळे आज एकच धून कुणी रमतगमत वाजवतो, तर कुणी पाठीमागे पोलीस लागल्यासारखी.

चौदाव्या शतकातल्या या नाचाची पावलंही कुणी लिहून ठेवलेली नाहीत. पण नाचणाऱ्याचं शरीर तेव्हाही आपल्यासारखंच होतं आणि गुरुत्वाकर्षणही तेच. माणूस दहा सेंटिमीटर उडाला की साधारण ०.२९ सेकंद हवेत राहतो. मिनिटाला १२० उड्या घ्यायच्या तर प्रत्येकीला अर्धा सेकंद मिळतो. उतरून पुन्हा जोर लावायला सेकंदाचा पाचवा भाग उरतो. जमतं. हीच गती २०० वर नेली तर उडीमागे ०.३ सेकंद. मग दहा सेंटिमीटर विसरा, दोन-तीन सेंटिमीटरवर भागवा. उलट मिनिटाला ६० केल्या आणि निम्मा वेळ हवेत राहायचं म्हटलं, तर दर वेळी तीस सेंटिमीटर उडावं लागेल. चार आवर्तनांत नाचणारा खाली बसेल.

पंधराव्या शतकात जरा ठोस आधार मिळतो. दोमेनिको दा पिआचेन्झा या नृत्यगुरूने नाचाच्या चार प्रकारांच्या लयींचं प्रमाणच सांगून ठेवलं. सर्वांत संथ बासादान्झाच्या एका मापाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, सहा भाग वेळ धरला, तर क्वातेर्नारियाला पाच, सॉल्टारेल्लोला चार आणि पिवाला तीन. पिवात एका मापात तीन झटपट पावलं पडतात. ते माप एक सेकंदाचं धरलं तर मिनिटाला १८० पावलं होतात, म्हणजे बऱ्यापैकी पळणंच. मग सॉल्टारेल्लोला सव्वा सेकंदाहून थोडं जास्त, बासादान्झाला दोन सेकंद. बासादान्झा दीड सेकंदावर आणली की पिवा २४० पावलांवर जाते. ती शर्यतीतल्या धावपटूची गती झाली, लांब झगे घालून ती कोण नाचणार?

मिलानच्या गाफुरिओने १४९६ मध्ये ‘सेमिब्रेव्ह’ या सुराची लांबी शांत श्वास घेणाऱ्याच्या नाडीशी जोडली होती. पण त्याचा विषय नाच नव्हे, त्यामुळे त्या नाडीवर सॉल्टारेल्लो मोजू नये.

एस्तांपी या मध्ययुगीन वाद्यधुनेचं प्रकरण वेगळं. पॅरिसचा योहान्नेस दे ग्रोकेओ १३०० च्या सुमारास लिहितो की तिची रचना अवघड असते आणि ती ऐकणाऱ्याचं चित्त गुंतवून ठेवते. ती फक्त ऐकायचीच असेल तर उडीचा हिशेब लागूच नाही. तिथे प्रश्न कानाचा: दगडी दालनात घुमणारे सूर एकमेकांत मिसळण्याआधी धून कळली पाहिजे. माझं मत विचाराल तर आजचे बरेच कलाकार एस्तांपी उगाच पळवतात, आणि सॉल्टारेल्लो तर त्याहून जास्त.