अकरा किलोचं धूड झाडावर कसं चढतं?

रानटर्की हा उत्तर अमेरिकेतला कोंबडीसारखा मोठा रानपक्षी. त्याचा पूर्ण वाढलेला नर सात ते अकरा किलो भरतो. एवढं धूड जमिनीवरून उठून झाडाच्या वरच्या फांदीवर जाऊन बसतं, हे पाहिल्याशिवाय खरं वाटत नाही. चार पावलं टाकली न टाकली की पंखांचा दणदणीत फडफडाट होतो आणि पक्षी जवळजवळ सरळ वर चढतो. हवेत गेल्यावर तो ताशी ८० किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकतो. पण ही सगळी ऐट थोडाच वेळ टिकते. बहुतेक वेळा चारशे मीटरच्या आत स्वारी पुन्हा जमिनीवर.

याचं कारण स्नायूंत आहे. छातीचं मांस पांढरट आणि तंगडीचं गडद, हे कोंबडी खाणाऱ्यांना ठाऊक असतं, टर्कीचंही तसंच. गडदपणा येतो तो मायोग्लोबिनमुळे. हे प्रथिन स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवतं, म्हणून टर्कीचे पाय दिवसभर चालूनही थकत नाहीत. छातीच्या स्नायूंत ते फार कमी असतं. तिथले तंतू ऑक्सिजनची वाट न बघता साठवलेलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) भराभर जाळतात, प्रचंड जोर लावतात आणि तितक्याच लवकर दमतात. शंभर मीटरच्या धावपटूकडून मॅरेथॉनची अपेक्षा करू नये, तशी टर्कीकडून स्थलांतराची करू नये. पंखही त्याच बेताचे, आखूड आणि गोलसर. आपला मोर याच कुळातला. कुत्रं मागे लागल्यावर तो कसा उठतो हे पाहिलेल्यांना अंदाज येईल.

थँक्सगिव्हिंगसारख्या अमेरिकी सणाच्या ताटासाठी पाळल्या जाणाऱ्या पांढऱ्या टर्कीची गोष्ट वेगळी. निवडक पैदाशीने तिची छाती इतकी वाढवली आहे की उडणं सोडाच, नैसर्गिक समागमही जमत नाही. पैदास कृत्रिम रेतनाने करावी लागते.

रानटर्की दिवसभर जमिनीवरच चरते. ओकची फळं, बिया, किडे, जे मिळेल ते. धोका दिसला तरी पुष्कळदा ती आधी पळते, तेही ताशी ४० किलोमीटरपर्यंतच्या वेगाने. उडायचं ते अगदीच गळ्याशी आलं तर, आणि रोज संध्याकाळी. अंधारात तिला नीट दिसत नाही, म्हणून दिवेलागणीला अख्खा थवा झाडांवर चढतो. मऊ बर्फाचा जाड थर साचला तर कधीकधी काही दिवस उपाशीपोटी तिथेच बसून काढतो. पिल्लांना मात्र पहिले साधारण दोन आठवडे उडता येत नाही. तोवर आई त्यांना पंखाखाली घेऊन जमिनीवर झोपते. सर्वाधिक पिल्लं दगावतात ती याच काळात.

जंगलतोड आणि शिकारीमुळे अमेरिकेच्या मोठ्या भागातून हा पक्षी नाहीसा झाला होता. ईशान्येकडच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला शेवटचा १८५१ साली माउंट टॉम या डोंगरावर मारला गेला. पुढे अनेक राज्यांनी पाळीव वातावरणात वाढवलेल्या टर्की रानात सोडून पाहिल्या. त्या तगल्या नाहीत, कारण लपायचं कुठे, घाबरायचं कुणाला, हे शिकवणारी रानातली आई त्यांना मिळालीच नव्हती. म्हणजे अस्सल रानपक्षीच पकडून न्यायला हवे होते, आणि इथे ती झटक्यात उठणारी छाती आडवी आली. जाळं पडेपर्यंत पक्षी फांदीवर! उपाय निघाला १९५०च्या दशकात. मक्याचे दाणे टाकून थवा जमवायचा आणि छोट्या तोफांनी त्याच्यावर जाळं उडवायचं. जाळं टर्कीपेक्षा वेगवान ठरलं. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून ३७ पक्षी मॅसॅच्युसेट्सच्या बर्कशायर भागात आणून सोडले. आज त्या राज्यात तीस हजारांहून अधिक टर्की आहेत.

त्यातल्या कित्येक आता बॉस्टनच्या उपनगरांत राहतात. टर्कींच्या थव्यात कोण वरचढ, कोण दुय्यम याची उतरंड पक्की असते, आणि माणसांत वावरणारे पक्षी माणसांनाही त्याच उतरंडीत बसवतात. गाडीच्या चकचकीत दारात स्वतःचंच प्रतिबिंब दिसलं की नर त्याला प्रतिस्पर्धी समजून चोची मारत सुटतो. तिथल्या वन्यजीव विभागाचा नागरिकांना सल्ला आहे की त्यांना दाणे घालू नका आणि बिचकूही नका; आरडाओरडा करा, झाडू उगारा, पाण्याच्या पाइपने फवारा मारा.