पॅरिसचा डिनर शो पहिल्या रात्रीपासून पाहुण्यांचाच

युरोपच्या ग्रुप टूरमध्ये पॅरिसच्या मुक्कामापुढे ‘लिडो’ किंवा ‘मुलाँ रूज’ या जेवणासोबत नाच-गाण्याचा शो दाखवणाऱ्या जागांची नोंद वर्षानुवर्षं ठरलेली. सीन नदीवरची बोट, आयफेल टॉवर आणि रात्री शो. जाऊन आलेली मंडळी मात्र त्याबद्दल बोलताना जरा आवाज खाली करतात. छान होता, पण टुरिस्टांसाठीचाच प्रकार, असं म्हणतात. म्हणजे खरं पॅरिस दुसरीकडेच कुठेतरी होतं, आपल्याला दाखवला तो देखावा. मला हे अजिबात पटत नाही. या शोचा इतिहास पाहिला तर बाहेरगावचा प्रेक्षक पहिल्या रात्रीपासून तिथे बसलेला दिसतो.

खाणंपिणं आणि रंगमंच यांची गाठ पडली ती पॅरिसच्या कॅफे-काँसेरमध्ये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अशा जागांची चलती होती. आत शिरायला सहसा तिकीट नाही, पण बसलात की काहीतरी प्यायला मागवायचंच. गाण्याचे पैसे त्या पेल्याच्या किमतीतून वसूल. नाटकाच्या थिएटरांना ही स्पर्धा खुपायची. त्यांच्या हक्कांना धक्का लागू नये म्हणून नियम होता की कॅफेत गाणाऱ्यांनी साध्या कपड्यांत गायचं. वेशभूषा नाही, नाच नाही, संवाद नाहीत. १८६७ मध्ये ही बंधनं सैल झाली आणि झगे, पिसं, कसरतपटू सगळे टेबलांसमोर आले. दोनच वर्षांत फोली बर्जेर हे अशाच करमणुकीचं थिएटर सुरू झालं.

दुसरा धागा माँमार्त्रच्या टेकडीचा. १८६० पर्यंत ती पॅरिसच्या हद्दीबाहेर होती. शहरात येणाऱ्या दारूवर जकात लागायची, टेकडीवर लागत नसे. त्यामुळे स्वस्तात प्यायला आणि नाचायला कामगारवर्ग तिकडे जायचा. जकातीची जुनी भिंत जिथे उभी होती, तिथून आज बुलव्हार द क्लिशी हा रस्ता जातो. याच रस्त्यावर ६ ऑक्टोबर १८८९ रोजी जोसेफ ओलेर आणि शार्ल झिडलेर यांनी मुलाँ रूज उघडलं. वर लाल पवनचक्की, दळण कधीच न दळलेली, केवळ लांबून नजरेत भरावी म्हणून बांधलेली. मागच्या बागेत एक अजस्र हत्ती, त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनातून आणलेला.

हे प्रदर्शन फार महत्त्वाचं. आयफेल टॉवर त्याच्यासाठीच उभा राहिला, आणि सहा महिन्यांत तीन कोटींहून जास्त लोकांनी ते पाहिलं. मुलाँ रूज उघडलं तेव्हा ते अजून सुरूच होतं. परगावचे, परदेशचे लोक पॅरिसमध्ये मावत नव्हते आणि रात्री कुठे जायचं हा त्यांचा प्रश्न होता. लोकांना गटाने फिरवण्याचा व्यवसाय उभा करणाऱ्या थॉमस कुकने ब्रिटनबाहेरची आपली पहिली सहलसुद्धा पॅरिसच्याच १८५५ च्या प्रदर्शनाच्या निमित्ताने नेली होती. ग्रुप टूर आणि पॅरिसची रात्र यांची ओळख इतकी जुनी आहे.

कॅनकॅन हा झालरी उडवत, पाय उंच फेकत करायचा नाच मात्र पाहुण्यांसाठी घडवलेला नव्हता. १८३० च्या सुमारास साध्या नाचघरांतून तो आला. मुलाँ रूजमध्ये तो गाजवला ला गुल्यू या कपडे धुणाऱ्या घरातल्या मुलीने. नाचता नाचता समोरच्या पुरुषाची टोपी पायाच्या टोकाने उडवण्यात तिचा हातखंडा होता. १८९१ मध्ये चित्रकार तुलूझ-लॉत्रेकने तिचं पोस्टर काढलं आणि ती शहरभर झाली. आजच्या शोमध्येही कॅनकॅन सुरू झाला की निळ्या-पांढऱ्या-लाल झालरींचे थर गुडघ्यांवरून उसळत राहतात, आणि उंच उडी घेतलेली मुलगी पाय दोन्हीकडे सरळ पसरून थेट जमिनीवर येते. त्या आपटीचा आवाज पुढच्या टेबलांपर्यंत येतो. ही मेहनत पाहणारा कुठल्या देशाचा आहे, यावर तिचा कस ठरत नाही. कनातीत बसलेला प्रेक्षक तिकीट काढून आलाय म्हणून लावणी खोटी ठरते का?

पुढे १९१५ मध्ये मुलाँ रूज आगीत जळालं, नव्याने उभं राहिलं, मग सिनेमाने प्रेक्षक ओढून नेला.

आज आपण पाहतो तो साचा दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९४६ मध्ये क्लेरिको बंधूंनी शाँझेलिझे या पॅरिसच्या प्रसिद्ध रस्त्यावर लिडो सुरू केलं आणि जेवण व शो एकाच दरात द्यायची पद्धत रुजवली. पाहुणे देशोदेशीचे, म्हणून भाषेवर अवलंबून असलेलं फारसं काही ठेवायचं नाही. नाच, संगीत, रोषणाई आणि मागचा देखावा बदलेपर्यंत पुढे येणारा जगलर किंवा कसरतपटू. फ्रेंच न कळणाऱ्या माणसाचा इतका नेमका विचार क्वचितच कुठल्या रंगमंचाने केला असेल. डब्लिनमध्ये जन्मलेल्या मार्गारेट केलीने १९३२ पासून बांधलेला ब्लूबेल गर्ल्सचा उंच नर्तिकांचा ताफा लिडोची ओळख झाला, आणि १९५८ मध्ये लिडोचा शो लास वेगासलाही गेला. मुलाँ रूजही पुढे क्लेरिको कुटुंबाकडेच आलं. १९६३ पासून तिथल्या प्रत्येक शोचं नाव ‘एफ’ अक्षराने सुरू होतं. सध्याचा ‘फेरी’ १९९९ पासून चालू आहे.

आपल्या गटांनी या साच्यात आपली सोयही करून घेतली. अनेक टूरमध्ये भारतीय रेस्टॉरंटात वरण-भात, पनीर उरकून फक्त पेयासह शोचं तिकीट घेतात, म्हणजे शाकाहाराचा प्रश्न राहत नाही. काही नर्तिका अर्धविवस्त्र असतात, हे टूर मॅनेजरने बसमध्येच सांगितलेलं बरं. नाहीतर पहिली दहा मिनिटं सासू-सुना एकमेकींकडे बघत नाहीत, आणि तेवढ्यात सुरुवातीचा सगळ्यात देखणा प्रवेश निघून जातो.

लिडो आता त्या रूपात उरलं नाही. नव्या मालकांनी २०२२ मध्ये तिथला शो बंद केला आणि बहुतेक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. मला याची फार हळहळ वाटते. तो ताफा, ते शिवणकाम, रंगमंचामागची ती यंत्रणा पुन्हा जुळवणं सोपं नाही. मुलाँ रूजच्या पवनचक्कीची पाती एप्रिल २०२४ मध्ये रात्री कोसळली, पण जुलैत, ऑलिम्पिकच्या आधी, ती पुन्हा बसवली गेली. पॅरिसच्याच लॅटिन क्वार्टर भागात पारादी लातँ हे अशाच शोचं ठिकाणही चालू आहे. त्याची इमारत गुस्ताव्ह आयफेलच्याच हातची, आणि तीही १८८९ च्या प्रदर्शनाच्या वर्षीच लोकांसाठी खुली झाली होती.